कॉम्बो ७४९ चा, बिल १०९१ चं

प्रश्न :
मी नाशिकचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, वय ६९. गेल्या रविवारी सून आणि दोन नातवंडांना (नात दहा वर्षांची, नातू सहा) मल्टिप्लेक्समध्ये सिनेमाला घेऊन गेलो. मला मधुमेह आहे म्हणून पिशवीत बिस्किटांचा पुडा ठेवला होता, तो दारातच काढून घेतला. बाहेरचं खाणं नेता येतं असं मी काही वर्षांपूर्वी पेपरात वाचलं होतं.

मध्यंतरात 'फॅमिली कॉम्बो ७४९' (दोन मध्यम पॉपकॉर्न, दोन लहान थंड पेयं) असा मोठा फलक बघून रांगेत उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "एक चीज करू का सर? ड्रिंक्स लार्ज करू?" मी हो म्हणालो. एक पाण्याची बाटली घेतली. बिल आलं १०९१ रुपये. माझा पारा चढला. मी त्या मुलाला चोर म्हणालो, खूप बोललो. मागची रांग बघत होती. नातू रडायला लागला. सून काही बोलली नाही, पण घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, पुन्हा तुम्हाला घेऊन जायचं म्हणजे विचार करावा लागेल." चार दिवस झाले, जेवण गोड लागत नाही. माझी फसवणूक झाली की माझंच चुकलं? बिलाचा आणि फलकाचा फोटो सोबत पाठवतो आहे.

– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर :
गुरुजी, नमस्कार.

फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. बिल मी कागदावर उतरवून घेतलं. आधी त्याच्याबद्दल बोलते, कारण तिथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्याहून भक्कम आहे.

७४९ आणि १०९१ यांत फरक ३४२ रुपयांचा. त्यातले ९० पाण्याच्या बाटलीचे. जीएसटी पाच टक्के, म्हणजे ५२ रुपये. उरले २००, तीच खरी भानगड. ८० रुपये एका पॉपकॉर्नला चीज लावल्याचे आणि दोन थंड पेयं मोठी केल्याचे प्रत्येकी ६०. तुम्ही पाठवलेल्या फलकाच्या फोटोत हे ८० आणि ६० मी भिंगातून पाहावं तसे शोधले. कुठेच नाहीत. अगदी तळाला बारीक अक्षरात 'अपग्रेड शुल्क लागू' एवढंच आहे. किती, ते नाही. त्या मुलाने "करू का?" विचारलं, तुम्ही हो म्हणालात, हे खरं. पण किंमत न सांगता मिळवलेला होकार हा पुरता होकार नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाला जे हक्क देतो, त्यात वस्तूची किंमत कळण्याचा हक्क नावानिशी लिहिलेला आहे. तुम्हाला ती कळली पैसे देताना, किंबहुना दिल्यावर. त्यामुळे 'फसवणूक झाली का' या प्रश्नाला माझं उत्तर, त्या २०० रुपयांपुरतं, हो असं आहे.

कराचं मात्र त्यांनी बरोबर लावलंय. जीएसटी परिषदेने ११ जुलै २०२३ च्या बैठकीत स्पष्ट केलं की, सिनेमागृहात तिकिटापासून वेगळे विकलेले खाद्यपदार्थ रेस्टॉरंटसारखेच धरायचे आणि त्यांवर पाच टक्के कर. 'कर वेगळा' हे मात्र ७४९ च्या शेजारी त्याच आकारात लिहायला हवं होतं.

आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या बिलात नाही पण फलकात आहे. तुम्ही आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकवलं असेल, म्हणून सविस्तर लिहिते. फलकावर प्रत्येक पदार्थाखाली पुसट अक्षरात ग्रॅम आणि किलोकॅलरी लिहिलेल्या आहेत. दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यविक्रेत्यांना हे लिहिणं अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी बंधनकारक आहे. लोक ते कॅलरीसाठी असतं असं समजून सोडून देतात. पण त्यातले ग्रॅम आपल्या फार कामाचे. तुमच्या फलकावर मध्यम पॉपकॉर्न ७० ग्रॅम, २९० रुपये. मोठा टब १२० ग्रॅम, ३९० रुपये. कॉम्बोत दोन मध्यम होते, म्हणजे सुटे घेतले असते तर १४० ग्रॅमचे ५८० रुपये. एक मोठा टब घेतला असता तर १२० ग्रॅम ३९० मध्ये. वरच्या वीस ग्रॅम लाह्यांची किंमत १९० रुपये पडते.

कॉम्बो स्वस्त वाटतो कारण त्याची तुलना ते सुट्या वस्तूंच्या बेरजेशी करून दाखवतात. दोन मध्यम पॉपकॉर्न ५८०, दोन लहान पेयं ३२०, एकूण ९००, आणि कॉम्बो ७४९. म्हणजे १५१ ची बचत. बेरीज चोख आहे. पण तुलना करायची ती आपल्याला काय हवं होतं त्याच्याशी. चौघांत एक मोठा टब आणि मुलांना वाटून एक पेय घेतलं असतं तर ५५०, कर धरून ५७८ रुपये. तुम्ही थंड पेय पीत नाही, सूनबाईंनी घेतलं की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन पेयं घ्यायची ठरवली होती कोणी? कॉम्बोने.

आणि पाणी. त्या ९० रुपयांचं मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण ते देण्याची गरजच नव्हती. तुम्ही पेपरात वाचलं होतं म्हणता ते खोटं नाही, पण गोष्ट पुढे गेली आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याच विषयावर जनहित याचिका चालू होती आणि मल्टिप्लेक्समधले दर अवाजवी आहेत असं न्यायालयाने बोलून दाखवलं होतं. त्या जुलैत नागपूरच्या अधिवेशनात राज्यमंत्र्यांनी बाहेरचे पदार्थ नेता येतील असं सांगितलं. मथळे झाले. तुमच्यासारख्या हजारो लोकांच्या मनात तेच पक्कं बसलं. पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने न्यायालयात वेगळी भूमिका घेतली, त्यात सुरक्षेचं कारण होतं, पण ते मथळे तेवढे मोठे नव्हते. शेवटी ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात, जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. नरसिंह यांनी निर्णय दिला : सिनेमागृह ही मालकाची खासगी जागा, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही ते तो ठरवू शकतो. कोणी जिलब्या घेऊन आला आणि चिकट हात खुर्चीला पुसले तर स्वच्छतेचे पैसे कोण देणार, असा प्रश्नही सुनावणीत आला होता. मात्र त्याच वेळी न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत मिळालंच पाहिजे आणि तान्ह्या बाळांसाठी आईवडिलांनी आणलेलं अन्न अडवायचं नाही.

म्हणजे दारावर पुडा काढून घेणाऱ्याने नियमबाह्य काही केलं नाही. तरी मधुमेह असलेल्या माणसाने दोन-तीन तास खिशात काहीच न ठेवता बसणं मला पटत नाही. पुढच्या वेळी सुरक्षारक्षकाशी हुज्जत न घालता ड्यूटी मॅनेजरला बोलवा, औषधांची चिठ्ठी दाखवा, "साखर उतरली तर लागेल" एवढं सांगा. माझ्या आईच्या बाबतीत दोनदा असं झालं, दोन्ही वेळा मॅनेजरने एका शब्दात सोडलं. तो त्याच्या अखत्यारीतला चांगुलपणा आहे, हक्क नाही, म्हणून मागण्याचा सूर तसा ठेवा. पाण्याच्या बाबतीत मात्र हक्काच्या सुरात विचारा : "प्यायचं पाणी कुठे आहे?" बहुतेक ठिकाणी स्वच्छतागृहाच्या वाटेवर, दिसू नये अशा कोपऱ्यात, यंत्र असतं. पेला नसेल तर काउंटरवर मागा.

बाटलीच घ्यायची वेळ आली तर छापील किंमत बघा. एकाच वस्तूच्या एकसारख्या पाकिटावर दोन वेगवेगळ्या छापील किमती टाकायला १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतले तर सिनेमागृहं तशी मुभा देणाऱ्या २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाकडे बोट दाखवतात, पण तो निकाल हॉटेलं आणि रेस्टॉरंटबद्दल होता. टेबलावर बसवून, वाढून दिलेलं पाणी आणि काउंटरवरून हातात ठेवलेली बाटली या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत. बाटलीचा आणि बिलाचा फोटो घ्या आणि वैधमापनशास्त्र विभागाकडे पाठवा, तपासायचं काम त्यांचं आहे.

इतकी किंमत का, हेही एकदा समजून घ्या. राग कोणावर करायचा ते त्यातून कळतं. तिकिटाचे पैसे सिनेमागृहाला एकट्याला मिळत नाहीत. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा तंटा झाला, दोन महिने नवे हिंदी सिनेमे लागले नव्हते. त्यातून ठरलं की करानंतरच्या उत्पन्नातला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० टक्के वाटा वितरकाकडे जाईल. गर्दी पहिल्या आठवड्यात असते, म्हणजे ऐन कमाईच्या दिवसांत निम्मे पैसे बाहेर. पॉपकॉर्नमध्ये मात्र कोणी वाटेकरी नाही. भाडं, वातानुकूलन, पगार, सगळ्याचा भार मूठभर मक्याच्या दाण्यांवर येऊन पडतो. हे सगळं समजून घेतलं तरी किंमत लपवण्याचं समर्थन त्यातून होत नाही. महाग विका, मी घेईन किंवा घेणार नाही. आकडा लपवून विकाल तर मला ठरवताच येत नाही. गुरुजी, तुमच्या मूळ पत्रात (वर ते थोडक्यात छापलंय) तुम्ही पाच वेळा 'महाग' लिहिलं आहे आणि एकदाच 'सांगितलं नाही'. तक्रार करताना हे प्रमाण उलटं करा.

आता त्या मुलाविषयी. इथे तुमचं चुकलं, आणि हे मी गुळमुळीतपणे सांगणार नाही, कारण तुम्हालाही ते कळलं आहे, नाहीतर चार दिवस जेवण गोड न लागण्याचं कारण नव्हतं. आमच्या शेजारची एक मुलगी कॉलेज करताना अशाच एका काउंटरवर उभी राहायची. "लार्ज करू का?" हे वाक्य तिचं नव्हतं. ते तिला शिकवलेलं होतं, प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचंच, ते म्हटलं नाही तर पर्यवेक्षक जाब विचारायचा. मध्यंतराची पंधरा मिनिटं, समोर साठ माणसं, आणि दर ठरवणारा माणूस त्या इमारतीतही नसतो. त्या मुलांना दिवसातून कितीदा चोर म्हणवून घ्यावं लागतं हे ती सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. २०१८ मध्ये पुण्यात याच रागातून एका राजकीय पक्षाच्या कार्यकर्त्यांनी सिनेमागृहाच्या व्यवस्थापकाला मारहाण केली होती. त्याने दर उतरले नाहीत, एका नोकरदार माणसाच्या थोबाडीत बसल्या एवढंच झालं. तुम्ही हात उचलला नाहीत. पण 'चोर' हा शब्द शिक्षकाच्या तोंडून, दोन नातवंडांसमोर गेला. शक्य असेल तर त्याच थिएटरला जाऊन, तो मुलगा दिसला तर, एक वाक्य बोला. "त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडलो, माझं भांडण तुझ्याशी नव्हतं." नातवंडांना बरोबर न्या.

भांडण ज्यांच्याशी आहे त्यांना लिहा. बिलावर कंपनीचा ईमेल आहे. मजकूर साधारण असा ठेवा : "अमुक तारखेला, अमुक बिल क्रमांकाने मी ७४९ रुपयांचा कॉम्बो मागितला. चीज आणि मोठ्या पेयांसाठी २०० रुपये जादा घेतले गेले. हा दर फलकावर नव्हता आणि पैसे घेण्याआधी सांगितला गेला नाही. फलकाचा फोटो जोडला आहे. २०० रुपये व त्यावरील कर परत करावा आणि फलकावर अपग्रेडचे दर आकड्यांत लिहावेत." एवढंच. आपली चीड, वय, महागाई, काही घालू नका. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे मराठीत बोलता येतं, तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि ते कंपनीकडे पाठपुरावा करतात. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारांना शुल्क नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. पण २१० रुपयांसाठी तुम्ही या वयात तारखा घ्याव्यात असं मला वाटत नाही. हेल्पलाइनपर्यंत जरूर जा. पैसे परत मिळाले नाहीत तरी फलकावर आकडा आला तर तुमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांचं काम होईल.

तिकीट मोबाइलवर काढत असाल, किंवा मुलगा काढून देत असेल, तर आणखी एक बघा. शेवटच्या पानावर, पैसे भरण्याआधी, आपण न निवडलेलं काही यादीत आलंय का : देणगीचा एखादा रुपया, विमा, खाण्याचं कूपन. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर केली आहे. न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं आणि किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणं, या दोन्ही त्यात आहेत. १९१५ वर त्यांचीही तक्रार होते.

काउंटरवर मात्र एकच सवय लावा. कार्ड किंवा फोन पुढे करण्याआधी म्हणा, "बाळा, सगळं धरून किती होतील ते आधी सांग." आकडा ऐका, मग हो किंवा नाही. मी हे गेली कित्येक वर्षं करते. निम्म्या वेळा तो आकडा ऐकून मी एखादी वस्तू कमी केली आहे, आणि मागच्या रांगेला त्याने दहा सेकंदांहून जास्त थांबावं लागलेलं नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, ते मी वर छापलं नाही : 'असले पॉपकॉर्न घेणारे लोक मूर्ख असतात.' याच्याशी मी सहमत नाही. नाट्यगृहात मध्यंतराचा बटाटावडा खाल्ल्याशिवाय नाटक पाहिल्यासारखं न वाटणारी आपण माणसं. नातवाला अंधारात टबात हात घालायला आवडत असेल तर त्यात मूर्खपणा काय? त्याला ते द्या, फक्त घरून निघताना ठरवून द्या. दुपारचं जेवून निघा. भूक लागलेल्या मुलांना घेऊन त्या काउंटरपुढे गेलात की हिशेब तुमच्या हातात राहत नाही. निघण्याआधी सांगा, "आज एक मोठा टब, चौघांत. एक पेय तुमच्या दोघांत." सहा वर्षांच्या मुलाला आधी सांगितलेलं 'नाही' पचतं, काउंटरसमोर उभं राहून सांगितलेलं पचत नाही.

मुलाच्या बोलण्याने तुम्ही दुखावलात. मला वाटतं तो तिथे नव्हता, त्याने ते सुनेकडून आणि रडणाऱ्या पोराकडून ऐकलं, म्हणून तो असा बोलला. त्याच्याशी बोलण्याआधी सुनेशी बोला. रांगेत तुमच्या शेजारी ती उभी होती, लोकांच्या नजरा तिनेही झेलल्या आणि तरी तुम्हाला अडवलं नाही. "बिलात गडबड होती, पण मी ज्या आवाजात बोललो तो बरोबर नव्हता" असं तिला सरळ सांगा. दोन्ही अर्धी वाक्यं सांगा. फक्त पहिलं सांगितलंत तर ते समर्थन होईल. मुलाला वर लिहिलेला ईमेल टाइप करून द्यायला सांगा. तुम्ही मजकूर सांगा, तो लिहील. वडिलांची बाजू काय होती हे त्याला त्या २०० रुपयांच्या हिशेबातून आपोआप कळेल.

आणि पुढच्या सिनेमाला जाल तेव्हा नातीला फलकासमोर उभं करा. दहा वर्षांची आहे, चौथी-पाचवीत असेल, भागाकार येत असेल. ७० ग्रॅमला २९० आणि १२० ग्रॅमला ३९०, तर एका ग्रॅमला किती, हे तिला काढू द्या. कंपनीचं उत्तर आलं की मला कळवा.